चौघींच्या नावानं पाणी

सप्टेंबर अर्धा सरला की आमच्या गल्लीत आंबूस वास सुटतो. सफरचंदांचा. बाजारात पुसूनबिसून मांडलेल्या सफरचंदांचा नव्हे हं; झाडाखाली पडलेल्या, गांधीलमाश्यांनी पोखरलेल्या, चिखल लागलेल्या, पोत्यांत भरून घाण्यावर नेलेल्या सफरचंदांचा. श्टुटगार्टच्या आसपासची माणसं ती पिळून रस काढतात, पिंपांत भरतात आणि तो आंबला की वर्षभर पाण्यासारखा पितात. मोस्ट म्हणतात त्याला. हा वास आला की इथल्या लोकांना बरं वाटतं. मला मळमळतं. मुलगा म्हणतो, "आई, एकदा डॉक्टरला दाखवू या." अरे, काय दाखवायचंय? नाक ठणठणीत आहे माझं. जरा जास्तच ठणठणीत आहे.

परवा धाकटा नातू शाळेतून आला तो सांगत, की सुगीच्या प्रार्थनेला प्रत्येक मुलानं चर्चमध्ये काहीतरी न्यायचंय. मी पोळी लाटता लाटता थांबले. "तुला काय न्यायला सांगितलंय?" जरा खेकसूनच विचारलं असावं, कारण तो दचकला. "एगाल, आज्जी," म्हणाला. म्हणजे वाटेल ते. मराठी सगळं कळतं त्याला, उत्तर मात्र जर्मनमध्ये. म्हटलं, "नक्की? बाईंनी तुला वेगळं काही दिलं नाही ना?" "नाइन, आज्जी!" म्हणजे नाही, असं म्हणून तो भोपळा शोधायला पळाला. माझी पोळी करपली.

त्रेसष्ट साली आम्ही इथे नवे होतो. ह्यांची श्टुटगार्टला डॉक्टरेट चालली होती आणि राहायला जागा मिळाली ती त्सुफेनहाउझेनच्याही पलीकडे, ट्राम संपली की चालत जावं लागे अशा एका गावात. फ्राउ हेगेले नावाच्या विधवा बाईंच्या घरात वरच्या दोन खोल्या. स्वयंपाकघर खाली, सामायिक. नवरा आणि मुलगा दोघे युद्धात गेलेले. उरली होती ती उतारावरची सफरचंदाची झाडं आणि काळी हॅट. बाई कष्टाळू, स्वच्छतेच्या बाबतीत माझ्या सासूबाईंच्या वरताण. जिन्याची पायरी मी पुसली की बाई पुन्हा पुसायच्या. पहिल्याच दिवशी दाराआडून एक मुलगी माझ्या साडीच्या काठाकडे टक लावून बघत होती. बाई म्हणाल्या, "ही रेनाटे. लेकीची." पुढे काही नाही.

लेक लांब कुठेतरी, लग्न करून नांदत होती. नाताळला खोकं पाठवायची, त्यात रेनाटेला लहान होणारा स्वेटर. मुलीचा बाप अमेरिकन सैनिक, जवळच्या छावणीतला, काळा. ती जन्मायच्या आधीच त्याला परत धाडलं. त्यांना लग्नाची परवानगी मिळत नसे तेव्हा. हे मला बाईंनी नाही सांगितलं, पाववालीनं सांगितलं, मी न विचारता, सुटे पैसे परत देता देता. गावात कुणालाही ते सांगायची घाई असायची.

रंगानं ती पोर माझ्याहून उजळ होती. खोटं नाही सांगत. माझी आई मला दाखवायच्या कार्यक्रमाआधी डाळीचं पीठ आणि साय लावून रगडून काढायची, तरी दोन स्थळांनी "मुलगी हुशार आहे" असं कळवलं होतं. म्हणजे काय ते समजायचं. मी इथे आले तर मला लोक राजकन्या म्हणायचे. कुंकवाला हात लावून बघू का, विचारायचे. आणि माझ्यापेक्षा उजळ, त्याच गावात जन्मलेली, त्यांच्याच बोलीत बोलणारी मुलगी रस्त्यानं चालली की बायका पिशवी जवळ ओढायच्या. मी फ्राउ हेगेलेंना एकदा म्हटलं, "मीही काळीच की." त्या म्हणाल्या, "आल्झो, हे बघा, तुमचं वेगळं, फ्राउ केळकर. तुमचे मिस्टर डॉक्टर होणार." झालं. विषय संपला.

खरी खूण होती ती केसांची. दाट, कुरळे, कुणाचं न ऐकणारे केस. ओमा म्हणजे आजी रोज सकाळी त्यांत पाणी ओतायची, लोखंडी दातांचा कंगवा घालून ओढायची आणि वर घट्ट रुमाल बांधायची. पोर दात आवळून उभी. मी घरून आणलेली खोबरेलाची बाटली थंडीत गोठलेली असायची, ती चुलीजवळ ठेवून पातळ करायची आणि शाळेतून आली की तिला पुढ्यात घेऊन बसायची. पहिल्या दिवशी बोटं केसांत घातली तशी तिनं मान आक्रसून घेतली, कुत्रं मार चुकवतं तशी. मग हळूहळू सैल झाली. "दुखत नाहीये," म्हणाली. तक्रार केल्यासारखं म्हणाली. मला रडू आलं मेलं.

तर पितृपक्ष. आमच्याकडे चतुर्दशीला शस्त्रानं गेलेल्यांचं पान असतं. इतर कुणाचं नसतं त्या दिवशी; ज्यांना मारलं, त्यांचंच. माझा दादा मुंबईत पोलिसांच्या गोळीबारात गेला. कॉलेजात होता. मोर्चात घोषणा देत होता म्हणे; म्हणे कशाला, देतच होता, त्याचा आवाज मोठा होता. तेव्हापासून माहेरी चतुर्दशीला त्याचं पान. ह्यांना म्हटलं, इथे काहीतरी करू या का? हे म्हणाले, "इथे कुठला भटजी आणि कुठला कावळा!" भटजी नसेल, पण कावळे भरपूर होते. मी खीरभात केला.

त्या सोमवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या रेडिओवर बातमी लागली. अमेरिकेच्या दक्षिणेत रविवारी सकाळी एका चर्चमध्ये बॉम्ब फुटला. काळ्यांचं चर्च. तळघरातल्या खोलीत मुली प्रार्थनेसाठी तयार होत होत्या, केस नीट करत होत्या, पट्टे बांधत होत्या. चौघी गेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. माझं जर्मन तेव्हा मोडकंतोडकं, पण आकडे मला कळायचे, आणि मुली हा शब्द कळायचा. रेनाटे दुधाचा पेला हातात धरून उभी होती. चौदाची. फ्राउ हेगेलेंनी रेडिओ बंद केला, ओट्यावरून फडकं फिरवलं आणि म्हणाल्या, "अमेरिकन." जणू त्यात सगळं आलं. मग नातीला म्हणाल्या, "रुमाल नीट बांध, उशीर होतोय."

दुपारी मी बागेच्या कुंपणाशी पान ठेवलं. पान कसलं, बशीच. आणि लागले हाका मारायला. "काव काव! ये रे, काव काव!" आपल्याकडे मारतात तशाच, गळा ताणून. तेवढ्यात फाटकातून रेनाटे आली, पाठीवर दप्तर, आणि मला बघून जागच्या जागी थिजली. चेहरा असा, की मी थोबाडीत मारलीय. मला कळेना. तर तिच्या मागून रस्त्यावर शाळेतली टोळी, आणि ती सगळी माझ्या सुरात सूर मिळवून ओरडायला लागली. काव काव! काव काव! खिदळतायत, हात पंखांसारखे हलवतायत. मग कळलं. कावळी म्हणायचे तिला. रोज. शाळेपासून घरापर्यंत हीच हाक. आणि घरी येते तर घरातली इंडियन बाई कुंपणाशी उभी राहून तेच करतेय!

मी हातात होता तो पळा त्या टोळीवर फेकला आणि मराठीत अशा शिव्या दिल्या, की माझ्या वडिलांनी मला घराबाहेर काढलं असतं. पोरं पळाली. रेनाटे नाही हलली. मग मी तिला बसवून जमेल तशा जर्मनमध्ये सांगितलं, की बाई गं, आमच्याकडे कावळा म्हणजे आमचे गेलेले लोक. ते कावळ्याच्या रूपानं येतात, जेवून जातात. माझा भाऊ आज यायचाय.

तिनं बशीकडे बघितलं. मग विचारलं, "तुमचे मेलेले सगळे काळे असतात?"

"असतात तर! माझी गोरी घारी आत्यासुद्धा."

ती हसली. मी तिला हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. पुढचे दात मोठे होते.

मग प्रश्नच प्रश्न. भाऊ आहे हे कावळ्याला कसं कळतं? म्हटलं, नाव घ्यावं लागतं. नुसतं जेवण ठेवून नाही चालत. नाव घ्यायचं, गोत्र घ्यायचं, मोठ्यानं, आणि अंगठ्याकडून पाणी सोडायचं. नाव नाही घेतलं तर पाणी पोचत नाही, वाटेत सांडतं. हे मी तिला सांगितलं आणि उठले, भात लावायला गेले. आपण बोलून जातो, आणि ते कुणाच्या पोटात कुठवर जातं त्याची आपल्याला गंधवार्ता नसते.

दोन-तीन दिवसांनी पेपरात चौघींची नावं आली. तिनं ती पाठ केली. कविता पाठ करतात तशी, जिना चढताना, बटाटे सोलताना. एक दिवस म्हणाली, "ह्यांना पाणी द्यायचं." मी म्हटलं, आता अमावास्याही होऊन गेली. ती म्हणाली, "त्यांना काय माहीत?" तेही खरंच. बायकांनी करू नये म्हणतात, म्हणोत. तीळ नव्हते. फ्राउ हेगेलेंच्या डब्यात खसखस होती, इथे ती काळी मिळते, ती घेतली. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणतात, म्हणून चौघी काश्यप गोत्राच्या. झाडाखाली गवतात सडकी सफरचंदं, त्यांवर माश्या घोंघावतायत, आणि ती ओंजळ पुढे करून नावं घेतेय. तिच्या बोलीत ती नावं जरा वाकडी यायची. तरी पोचली असतील, असं मला वाटतं.

ती नावं मी इथे लिहिणार नाही. माझी आठवण शाबूत आहे. पण छापलेल्या नावावरून डोळा पुढे सरकतो, आणि ही नावं घ्यायची असतात ती तोंडानं. ज्याला हवीत त्यानं शोधावीत आणि मोठ्यानं म्हणावीत.

पाणी सोडून झाल्यावर ती म्हणाली, "आता माझ्या बाबांचं."

"गेले का ते?"

"माहीत नाही."

"मग नाही. जिवंत माणसाच्या नावानं पाणी सोडायचं नसतं, अभद्र असतं."

"आणि मेले असतील तर? मी नाव कुठलं घेऊ?"

मी तिची ओंजळ पदरानं पुसली. संध्याकाळी तिनं ओमाला विचारलं. बटाट्याची सालं काढत मी तिथेच होते. पहिल्यांदा विचारत नव्हती, हे ओमाच्या चेहऱ्यावरूनच दिसलं. "ओमा, त्यांचं नाव काय होतं?" बाईंनी सुरी खालीसुद्धा ठेवली नाही. "त्याला नाव नव्हतं," म्हणाल्या. तेव्हापासून त्या पोरीला दुसरं काही सुचेना. खाताना, तेल लावून घेताना एकच. ओमाला माहीत आहे. ओमा सांगत नाही. मी मरेन आणि मला नाव कळलेलं नसेल.

शनिवारी आमच्याकडे ह्यांचे मित्र जमायचे, मराठी पोरं, एक-दोन डार्मश्टाटहून यायचे, एक म्युनिकहून. मी पुऱ्या करायची. त्या शनिवारी मी चौघींचं काढलं. म्हटलं, आपण सगळे मिळून श्टुटगार्टला एखादी सभा घेऊ, दोन शब्द बोलू, फुलं वाहू. सगळे ताटात बघायला लागले. मग डार्मश्टाटचा हुशार, सुवर्णपदकवाला, म्हणाला, "वहिनी, वाईट झालं, पण आपला काय संबंध? आपण कुठे नीग्रो आहोत? आपण आर्य. इथले लोक आपल्याला मान देतात तो काय उगाच?" मी म्हटलं, "आरशात बघितलंस का रे मेल्या कधी?" आणि त्याच्या पानाकडे निघालेली पुरी परत परातीत टाकली. सगळे हसले, मीच विनोद केल्यासारखे. हे पण हसले. मागून मला म्हणाले, "हे बघ, तुझं खरं आहे. पण मध्ये पडू नकोस. फ्राउ हेगेलेंनी हाकललं तर परदेशी माणसाला दुसरी खोली कोण देतंय?" तेही खरंच होतं. त्या वर्षी सगळ्यांचं सगळं खरं असायचं.

मग सुगीची प्रार्थना आली. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये वेदीपुढे भोपळे, कोबी, द्राक्षं, गव्हाची पेंढी, मोठा पाव असं सगळं मांडतात. पुढच्या वसंतात ज्यांची चर्चची दीक्षा व्हायची ती चौदा वर्षांची मुलं एकेक वस्तू घेऊन जातात आणि एकेक वाक्य बोलतात. देवा, सफरचंदांबद्दल तुझे आभार. देवा, गव्हाबद्दल तुझे आभार. रेनाटेच्या ओमाची झाडं गावात नावाजलेली. पोरीनं पोती उचलून उचलून खांदे सोलवटून घेतले होते. तिला वाटलं, आपल्याला सफरचंदं मिळणार. पाद्रीबाईंनी, म्हणजे पाद्र्याच्या बायकोनं, वस्तू वाटल्या. रेनाटेला दिला कोकोचा डबा. डब्यावर फेटा बांधलेलं, लाल ओठांचं काळं पोर. वाक्य होतं: देवा, दूरच्या देशांतून आमच्याकडे येणाऱ्या गोष्टींबद्दल तुझे आभार. पाद्रीबाई म्हणाल्या, "तुला किती शोभेल!" मनापासून म्हणाल्या हो. हीच तर कमाल.

रेनाटे डबा घेऊन घरी आली, टेबलावर ठेवला आणि मला म्हणाली, "मी हे वाक्य नाही बोलणार. मी नावं घेणार. चौघींची." मी म्हटलं, पाद्र्यांना विचार. तरुण होता पाद्री, चष्मेवाला, भला. आधी म्हणाला, बघू. मग चर्चच्या वडीलधाऱ्यांना विचारून आला आणि म्हणाला, सणाचा दिवस आहे, लोकांना खिन्न करून कसं चालेल? आपण जगातल्या सगळ्या दुःखितांसाठी प्रार्थना करूच. नावांची काय गरज, देवाला नावं माहीत आहेत.

"देवाला माहीत आहेतच," ही म्हणाली. "ह्यांना माहीत नाहीत."

पाद्र्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, रुमालावरून.

त्या रविवारी मी निळी इरकल नेसून शेवटच्या बाकावर बसले. हे आले नाहीत, वाचायचं होतं म्हणे. बायका खाली, पुरुष बरेचसे वर सज्ज्यात. सगळं चर्च पिकल्या सफरचंदांच्या आणि मेणाच्या वासानं भरलेलं. मुलं एकेक करून जात होती. सफरचंदं घेऊन घाणेवाल्याचा मुलगा गेला. मग रेनाटे. डबा ठेवला. वळली. मी बघितलं, तिनं रुमाल सोडून हातात घेतला होता. खोबरेल लावलेले केस मोकळे, काळेभोर, दोन्ही बाजूंना उभे. कुणीतरी खाकरलं. तिनं पहिलं नाव घेतलं. स्पष्ट, मोठ्यानं. दुसरं नाव घेतलं. आणि वर सज्ज्यात ऑर्गन सुरू झाला.

भिंतभर नळ्यांचा तो ऑर्गन. सगळं चर्च उठून उभं राहिलं आणि गायला लागलं, आभाराचं गाणं, सगळी कडवी. कुणी तिला खाली ओढलं नाही. कुणी अंगाला बोट लावलं नाही. फक्त गायले. एरवी पुटपुटणारे म्हातारेसुद्धा त्या दिवशी छाती भरून गायले. ती तिथेच उभी, ओठ हलतायत. मला ऐकू येत नव्हतं पण तिसरं आणि चौथं मला ओठांवरून कळलं. चौथं झाल्यावर तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तशी ती गाणं संपेपर्यंत नावं घेत राहिली आणि ते तिच्या तोंडावर गात राहिले. माझ्या शेजारची बाई गाता गाता मला पुस्तकातलं पान उघडून दाखवत होती, मीही गावं म्हणून.

आता दर सप्टेंबरात टीव्हीवर ते चर्च दाखवतात. फुलं, भाषणं, घंटा. चांगलंच आहे. इथले लोकही हळहळतात, माझी सून डोळे पुसते. मला रडू येत नाही. मला आपले ते गाणारे चेहरे दिसतात, लाल, निरोगी, देवाचे आभार मानणारे. बॉम्ब ठेवणारे कसे असतील असा प्रश्न लोकांना पडतो. मला नाही पडत. मला वाटतं, ते चांगलं गात असतील. चतुर्दशीला मी गॅलरीत बशी ठेवते, दादाचं नाव घेते, मग चौघींची. खालच्या मजल्यावरच्या बाई तक्रार करतात कावळ्यांची. करोत.

रेनाटे सतराव्या वर्षी गाव सोडून म्युनिकला गेली, हॉस्पिटलात लागली. बरीच वर्षं कार्ड यायचं. पण त्या रविवारचं अजून संपलेलं नाही, तेवढं सांगते.

चर्चच्या दारात पाद्र्यानं सगळ्यांशी हात मिळवले. फ्राउ हेगेलेंशीही मिळवला. बायका म्हणाल्या, सजावट किती सुंदर झाली होती ना. गाण्याबद्दल, नावांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पायऱ्या उतरताना घाणेवाला पुढे झाला. चर्चच्या वडीलधाऱ्यांतला तो. गावात घाणा एकच, आणि घाण्यावर प्रत्येक घराची पाळी ठरलेली असते. पाळी चुकली की पोत्यातली फळं सडतात. हेगेलेंची पाळी उद्याची होती. त्यानं हॅट काढली, अदबीनं म्हणाला, "यंदा गर्दी फार आहे, फ्राउ हेगेले. तुमचं जमेलसं दिसत नाही." बाई म्हणाल्या, "या." जर्मनमध्ये म्हणजे हो. बस, एवढंच. चढावरून घरी येईपर्यंत दोघी पुढे. मी चार पावलं मागे.

स्वयंपाकघरात आल्यावर बाईंनी हॅटसुद्धा काढली नाही. भिंतीशी पोती रचलेली, रस पाझरून फरशी चिकट झालेली, आणि तो वास. रेनाटे टेबलाशी ताठ उभी. मोकळे केस. "मी चुकीचं काही केलं नाही," म्हणाली.

बाईंनी ठेवून दिली. पूर्ण हात फिरवून. रेनाटेचं डोकं फळीवर आपटलं, ताटल्या खणखणल्या. मी "अगं बाई!" म्हणून पुढे धावले, तर बाईंनी मला दुसऱ्या हातानं ढकललं आणि ओरडल्या, "अगदी त्या क्लॅरेन्सवर गेलीयस! तस्सा हट्ट! तोही असाच उभा राहायचा इथे, ह्याच टेबलाशी! क्लॅरेन्स, नुसता क्लॅरेन्स!"

आणि थांबल्या. हात तोंडावर गेला. पण गेलेलं परत कुठे येतंय! नाव बाईंच्या तोंडून अडखळत नाही निघालं. रोज हाक मारलेल्या, जेवायला बोलावलेल्या माणसाचं नाव निघतं तसं निघालं. बाई खुर्चीत बसल्या. रेनाटेच्या गालावर बोटं उमटली होती, ओठातून रक्त येत होतं, ते तिनं पुसलंसुद्धा नाही.

ती ओमाच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"हवं तर आणखी एक मार, ओमा," ती म्हणाली. "पण परत म्हण."